घरटी एक माणूस

पेण
१२ जानेवारी २०२५

अजीजा गो,

परवा तुला फोन लावला, तर तुझ्या धाकट्या सुनेनं उचलला. म्हणाली, "अम्मीच्या कानातलं मशीन फोन लावला की शिट्टी मारतं, काय बोलणार तुम्ही?" मग म्हटलं, मेली ती शिट्टी, आपण आपल्या सातवीच्या अक्षरात लिहू. पोस्टात पाकीट मागितलं, तर तिथला माणूस माझ्याकडं बघतच राहिला.

तुझ्या आमीरचं बंद घर मला रोज दिसतं. आमच्याच ओळीत शेवटी. कुवेतात राहून इथं घर कशाला घेतोस, म्हणून तू त्याच्याशी भांडली होतीस ना? दारातला मनीप्लांट मी जगवलाय, एवढं त्याला सांग.

आता जे सांगायला बसलेय ते सांगते. ही सोसायटी उभी हाय तिथं आपलं मिठागर होतं, तुला ठाऊकच हाय. मालकानं विकलं, बिल्डरनं भराव टाकला आणि आमच्या हरेशनं मुद्दाम इथंच घर घेतलं. आबांना आपल्या जागेवर राहायला बरं वाटेल म्हणाला. पोरगं मनानं चांगलं हाय.

पण ह्यांना विसर पडलाय गो. साधा नाय. नातीला ओळखत नाहीत. जेवून उठले की जेवायला मागतात. मला कधी सरू म्हणतात, कधी आई. एक आगर तेवढं विसरले नाहीत. इथं पोरांना डुंबायला गुडघाभर पाण्याचा एक पूल हाय. ह्यांना तो मिठाचा वाफा वाटतो. सकाळी लुंगी खोचतात, मीठ ओढायची ती जुनी लांब दांड्याची फळी घेतात आणि पाण्यात उतरून ओढत बसतात. घामाघूम होऊन घरी येतात, पोटभर जेवतात, शांत झोपतात. ज्या दिवशी पूल धुवायला बंद असतो, त्या दिवशी भिंतीवर डोकं आपटतात. तो पूल हाय म्हणून माझा माणूस माणसात हाय.

आणि आता ग्रामपंचायतीची नोटीस आलीय. घराची घरपट्टी जो तो भरतो. पण पूल, क्लब हाऊस, जिम, गेटवरची चौकी हे सगळ्यांचं सामायिक, त्याची वेगळी घरपट्टी सोसायटीनं भरायची, असं ते म्हणतात. इकडं लोक पेटलेत. घर घेताना त्याचे पैसे घेतले, आमच्या घरपट्टीत ते आलंच, मग दोनदा का भरायची? कोण खरं ते मला कळत नाय. सेक्रेटरी दत्तात्रेय साहेब, बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी तोड काढलीय. पूल रिकामा करायचा, क्लब हाऊसला कुलूप लावायचं, फोटो काढायचे आणि हरकत घ्यायची की ह्या गोष्टी वापरातच नाहीत. फेब्रुवारीत सभा हाय.

आखातातले जेवढे घरमालक हायत, ते सगळे आमीरच्या शब्दावर चालतात. त्याला सांग, पूल बंद करायला मत देऊ नको. पण बाय, एक शब्द दे. ह्यांच्या आजाराचं त्याला कळू देऊ नको. तो आणि हरेश रोज फोनवर असतात. हरेशनं सगळीकडं सांगितलंय की आबांचे गुडघे धरलेत, डॉक्टरनी पाण्यात चालायला सांगितलंय. आमच्या नातीचं, नमिताचं लग्न जुळतंय. घरात वेड हाय असं कोणाच्या कानावर गेलं तर पोरीचं काय होईल?

तुझी
सरू


अष्टमी, रोहा
२१ जानेवारी २०२५

सरू,

पोस्टमन पत्र घेऊन आला नि विचारतो, "चाची, कोर्टाचं काय?" म्हटलं, कोर्टापेक्षा मोठं हाय, माझ्या मैत्रिणीचं हाय. तुझं अक्षर अजून तसंच, सगळे शब्द डावीकडं कललेले.

वाचून मात्र मी चुलीपुढून उठलेच नाय. जगनभाऊला विसर? सगळ्या खाडीत ज्याला भरती-ओहोटी तोंडपाठ, त्याला? मला तो एकच दिवस आठवत राहिला. तुझं लग्न होऊन वर्ष झालं असेल. उधाणाचं पाणी चढलं, बांधाला खांड पडली आणि खारं पाणी भातात शिरायला लागलं. जगनभाऊ ओरडत गावभर फिरला, "खांड गेली! जोळ उठवा!" आणि माती येईपर्यंत स्वतःच त्या खांडीत पाठ लावून बसला. अंगानं पाणी अडवलं. बांध सगळ्यांचा, म्हणून जोळाचा कायदाच होता, हाक आली की घरटी एक माणूस टोपली घेऊन बांधावर. माझा मुसा तेव्हा दुबईला. घरात पुरुष नाय, म्हणून मीच गेले टोपली घेऊन. चिखलातून जगनभाऊनं मला बघितलं नि ओरडला, "मुसाचं घर आलं!" तेव्हा मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की काय सांगू.

आमीरला सांगते. माझा लेक माझ्या शब्दाबाहेर नाय. आणि तुला शब्द दिला, माझ्या तोंडून आजाराचं निघणार नाय. नमिताच्या लग्नाला मी बिर्याणीचं पातेलं घेऊनच येणार हाय, तेव्हा जरा सांभाळून जुळवा.

तुझी
अजीजा


पेण
४ फेब्रुवारी २०२५

अजीजा गो,

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. खांडीचं आलं तसे उठून बसले. "मुसा कुठाय?" म्हणाले. मुसाभाई जाऊन किती वर्षं झाली, आता कसं सांगू? म्हटलं, दुबईला. "मंग ती अजीजा येल," म्हणाले आणि परत आडवे झाले. बघ, नातीला विसरले, तुला नाय विसरले. मला थोडा रागच आला.

आता माझी एक चोरी सांगते. रोज पाणी ओढून ओढून ह्यांना मीठ काय मिळणार? बोट पाण्यात बुडवून चाखायचे नि म्हणायचे, "अजून पिकलं नाय गो." तोंड इवलंसं व्हायचं. म्हणून मी आधी जाऊन पुलाच्या कडेला मूठभर जाडं मीठ टाकून येते. ते त्यांना सापडतं. मग काय तो आनंद! रुमालात बांधून घरी आणतात, माझ्या हातावर ठेवतात. तेच मीठ मी दुसऱ्या दिवशी परत टाकते. सून दिपिका म्हणते, "आई, तुम्ही दोघं आगर चालवताय." गेटवरचा शिवा बघतो आणि मान फिरवतो, बोलत नाय कोणाला. पोरं ह्यांना मीठवाले आजोबा म्हणतात.

मोठी माणसं मात्र कुरकुरतात. म्हातारा फळी घेऊन पोरांच्यात उभा राहतो, बरं दिसतं काय, असं. हरेश गप्प बसतो. सभेत पुलासाठी भांडला तर लोक विचारणार, तुला पुलाचा एवढा पुळका का? म्हणून त्यानंही तोंडाला कुलूप लावलंय. मी बोलले असते. पण घर हरेशच्या नावावर, मला सभेत कोण बोलू देतंय?

आमीर काय म्हणाला ते लवकर कळव. जीव टांगणीला लागलाय.

तुझी
सरू


अष्टमी
१४ फेब्रुवारी २०२५

सरू,

आमीरशी बोलले. म्हणजे मी ओरडले आणि तो पडद्यावर हातवारे करत होता, मध्ये सून दुभाषी. पूल बंद करू नको म्हणाले. ऐकलं त्यानं. का म्हणून विचारत होता. म्हटलं, पोरंबाळं खेळतात, असू दे.

काळजी सोड. झालं तुझं काम.

जगनभाऊला माझा सलाम सांग. म्हणावं, अजीजा अजून जित्ती हाय, कानानं गेलीय फक्त.

तुझी
अजीजा


पेण
२४ फेब्रुवारी २०२५

अजीजा,

काल सभा झाली. क्लब हाऊसात. ज्याला कुलूप लावायचं तिथंच बसून ठरवलं. मी मागं उभी होते.

भिंतीवरच्या टीव्हीत तुझा आमीर दिसला. चांगला जाडजूड झालाय. म्हणाला, "आम्ही वर्षातून पंधरा दिवस येतो. आमच्या पोरांनी त्या पाण्यात पाय पण घातलेला नाही. ज्या सुखसोयी आम्ही वापरत नाही त्यांची घरपट्टी आम्ही का भरायची? पूल बंद करा." टाळ्या पडल्या. आखातातल्या सगळ्यांचे हात एका दमात वर. इथल्या घरांत पूल ठेवा म्हणणारे पण होते गो, पोरांचे आईबाप. त्यांच्यात आणि बंद करा म्हणणाऱ्यांत आमीरच्या माणसांचाच फरक पडला.

हरेशनं हात वर केला नाय, मांडीवर घट्ट धरून बसला होता.

एक एप्रिलला पाणी सोडून देणार. पट्टीचं नवीन वर्ष तेव्हापासून, त्यात पूल वापरात नाय असं दाखवायला.

तू त्याला सांगितलं होतंस ना? मग असं कसं झालं? माझा तुझ्यावर राग नाय असं लिहिणार होते, पण राग हाय.

सरू


अष्टमी
५ मार्च २०२५

सरू,

तुझा राग डोक्यावर घेते. मी तुला अर्धंच लिहिलं होतं.

आमीर हो म्हणालाच नव्हता. त्यानं मला परत परत विचारलं, "अम्मी, एक कारण सांग. तुझं काय त्या पुलात?" मी म्हटलं पोरं खेळतात. तो हसला. "अम्मी, मी इथं पंचेचाळीस डिग्रीत उभा राहून पैसे पाठवतो, कोणाच्या पोरांनी डुंबायला?" खरं कारण जिभेवर आलं होतं. पण तुला शब्द दिला होता. मी गप्प बसले. त्याला वाटलं, म्हातारीला कोणीतरी भरवलंय, सोडून दिलं. मला वाटलं, आई म्हणाली म्हणजे ऐकेल. आई म्हणाली एवढं पुरेसं असायचे दिवस गेले, हे मला कळायला हवं होतं.

रोजे चालू झालेत. रोज मगरीबला दुआ मागताना जगनभाऊचं नाव घेते. मला परवानगी दे, सरू. आमीरला सगळं सांगू दे. अजून एप्रिलला वेळ हाय.

अजीजा


पेण
१२ मार्च २०२५

अजीजा,

नको. नमिताला बघायला आलेली माणसं परत येतायत, बोलणी ठरलीत. आत्ता नको. पाणी जायचं तेव्हा जाऊ दे, मी ह्यांना घरात अडकवून ठेवीन. लहान पोराला नाय का आपण दुसरं काहीतरी दाखवून भुलवत? तसं करीन.

सरू


पेण
४ एप्रिल २०२५

अजीजा गो,

नाय अडकवता आलं.

शिवानं आदल्या दिवशी येऊन सांगितलं होतं, "मावशी, आज रात्री मोटर लावणार." मी दाराला आतून कडी लावली, फळी माळ्यावर टाकली. पण पन्नास वर्षं जे माणूस तांबडं फुटायच्या आत उठलं त्याला माझी कडी काय अडवणार? मला डुलकी लागली आणि हे मागच्या दारानं गेले.

ओरडण्यानं मी जागी झाले. तो आवाज मी लग्नानंतर एकदाच ऐकला होता. "खांड गेली! खांड गेली! जोळ उठवा!"

धावले. रिकाम्या पुलाच्या कडेला आमची कपड्यांची बादली घेऊन उभे. पाणी सगळं गेलेलं, निळ्या फरश्या उघड्या पडलेल्या. त्यांना दुसरं काय वाटणार, सांग? वाफ्यातलं पाणी एका रात्रीत गेलं म्हणजे बांध फुटला. मला बाजूला सारून गेले आणि एकेक दार हातानं बडवत सुटले. "उठा रे! टोपल्या घ्या!" एकेक दार किलकिलं व्हायचं, बघायचं नि बंद व्हायचं. एका गॅलरीतून कोणीतरी मोबाईल धरला होता. दत्तात्रेय साहेबांनी हरेशला फोन केला, "वडिलांना आत घ्या, बायका घाबरल्यात." आमीरच्या दारावर पण जोरात थापा मारल्या त्यांनी. कुलूप बघितलं आणि तिथंच पायरीवर बसले.

मी घरी आणलं, हातपाय धुतले. रडले गो ते. म्हणाले, "एक पन घर नाय आलं. आपन कोनाच्या खांडीला गेलो नाय काय?"

गेलात हो, सगळ्यांच्या गेलात म्हटलं.

त्या दिवसापासून खात नाहीत नीट. खिडकीशी बसून पुलाकडं बघतात. आता सगळ्यांना कळलंय, लपवायचं काय राहिलंय? तुला जे वाटेल ते कर.

सरू


अष्टमी
१३ एप्रिल २०२५

सरू,

आमीरला सांगितलं. सगळं. खांडीचं, तुझ्या मिठाच्या मुठीचं, त्याच्या दारावरच्या थापांचं.

थापांचं त्यानं मला परत सांगायला लावलं. मग म्हणाला, "अम्मी, जगनकाकांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितलीय. तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" माझा लेक मोठ्यानं रडला. कान गेलेत तरी मला ते ऐकू आलं. हरेशला पण फोन केला त्यानं. सेक्रेटरीला लिहिलंय की आमची सगळी मतं फिरवतो, पाणी परत भरा, आमच्या वाट्याची घरपट्टी आम्ही भरतो. ते म्हणतात, नियमाप्रमाणे परत सभा घ्यावी लागेल. मेमध्ये.

तोवर जगनभाऊला सांभाळ. मी आलेच असते, पण ईदच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावरून घसरले. पायाला प्लास्टर. माझ्या नशिबाला पण हीच वेळ सापडली.

तुझी
अजीजा


अष्टमी
३० एप्रिल २०२५

सरू,

तुझं उत्तर नाय. रागवलीस काय अजून?

सभा अकरा मेला लागली. आमीर सांगत होता, आता मतांची काळजी नाय, पाणी येणारच. जगनभाऊच्या कानात सांग, खांड बुजवायला माणसं निघालीत.

अजीजा


पेण
१२ मे २०२५

अजीजा,

हे गेले. सहा तारखेला. हरेशनं आमीरला कळवलंच असेल. तरी मला तुला माझ्या हातानं लिहायचं होतं, म्हणून आज बसलेय. लोक येतात, बसतात, जातात.

त्या दिवशी नमिताला घेऊन मी पेणच्या बाजारात गेले होते. साड्या बघायला. हे जेवून झोपले होते. दिपिका घरात होती, तिला वाटलं झोपलेतच. तिचा काय दोष? मी पण तेच धरून चालले असते.

हे उठले, ती बादली घेतली. बगीच्याच्या कोपऱ्यात भराव खणून खालची आपली जुनी खारी माती काढली, काळी, चिकट. पुलाच्या फाटकाला कुलूप होतं, म्हणून कुंपणाच्या झाडांतून घुसले. हातापायांवर ओरखडे होते. पुलाच्या तळाशी पाणी जायचं भोक असतं ना, जाळी लावलेलं? ती त्यांची खांड. किती खेपा केल्या देव जाणे, पण माती मळून मळून ते भोक बुजवलं आणि त्यावर पाठ टेकून बसले. माती धरेपर्यंत. माणसं येईपर्यंत.

मे महिन्याचं ऊन, अजीजा. त्या फरश्यांवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. पूल बंद, म्हणून तिकडं कोणी फिरकलंच नाय. चालू असता तर पोरांनी बघितलं असतं. संध्याकाळी शिवाला कुंपणाजवळ बादली दिसली.

आम्ही बाजारातून आलो तेव्हा तो ओरडत होता. मी उतरले खाली. अंग नुसतं भाजत होतं. डोळे उघडले त्यांनी. मला म्हणाले, "सरू." आई नाय म्हणाले, सरू म्हणाले. "बाकीची आली काय?"

मी म्हटलं, "आली. आख्खा गाव आला. घरटी एक माणूस."

"मुसाचं घर?"

"आलं. अजीजा आलीय टोपली घेऊन."

हसले गो. म्हणाले, "मंग मी उठतो."

दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

सरू


अष्टमी
१५ मे २०२५

सरू, माझी सरू,

मी टोपली घेऊन आले नाय. मी इथं पाय वर करून बसले होते. तू त्याला माझं नाव सांगितलंस आणि तो हसला, हे परत परत वाचलं. सुनेनं पाणी पाजलं.

मी शब्द पाळला म्हणून हे झालं. मोडला असता तर पाणी राहिलं असतं. आयुष्यभर लोकांना वाटेल ते बोलत आले, आणि जिथं तोंड उघडायचं तिथंच इमान दाखवत बसले. तू मला माफ कर म्हणत नाय मी. मला फक्त सांग, तू जेवतेस काय?

आमीरला सुट्टी मिळत नाय. रोज फोन करून तुझंच विचारतो.

अजीजा


पेण
२७ मे २०२५

अजीजा गो,

जेवते. दिपिका समोर बसून जेवायला लावते.

आणि ऐक, तू शब्द पाळलास त्यात तुझी चूक नाय. मी मागितला तो शब्दच मागायचा नव्हता. कशासाठी मागितला? नमिताच्या लग्नासाठी. तर नमितानं स्वतःच मुलाकडच्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "आमच्या आजीला पण असंच होतं, आम्ही तिला घरभर चिठ्ठ्या लावून ठेवायचो." एवढंच. लग्न ठरलंय. ज्या गोष्टीला मी घाबरले ती गोष्ट नव्हतीच गो. वाटलं, फरशीवर डोकं आपटून घ्यावं.

अकराची सभा पुढं ढकलली होती. त्याआधीच हरकतीचा निकाल आला. पंचायत म्हणते, पट्टी बांधकामाची हाय, वापरा नायतर कुलूप लावा, भरावीच लागेल. म्हणजे पाणी सोडून काय मिळालं? काहीच नाय. पंचायतीचं खरं की सोसायटीचं, त्यावर अजून वाद चाललाय, वर अपील करणार म्हणतात. करू दे. दत्तात्रेय साहेब आमच्याकडं आले होते. खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले. म्हणाले, "वहिनी, पूल परत भरतोय." मला वाटलं होतं मी त्यांना चार शब्द सुनवीन. नाय सुनवता आलं.

भरताना खालचं भोक साफ करायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाय. पाणी सोडलं, आणि दोन दिवसांनी शिवा धावत आला. "मावशी, जाळी तशीच बुजलेली हाय, आणि थेंब खाली गेलेला नाय." एकट्यानं लावलेली माती, अजीजा. धरली तिनं. मी काठावर जाऊन बघून आले. पोरं परत खेळतात. माझ्या ओट्याखाली जाड्या मिठाची पिशवी अर्धी शिल्लक हाय, ती मी हलवलेली नाय.

आता हे शेवटचं सांगते. तेराव्याला मी हरेशला म्हटलं होतं, घरच्यांपुरतंच कर, इथं आपल्याला कोण ओळखतं? पण सकाळपासून माणसं यायला लागली. ज्यांनी दारं लावून घेतली होती ती. ज्यानं मोबाईल धरला होता तो पण, बायकोच्या मागं लपत. मला आपल्या जोळाची सवय, मी दारात बसून नकळत बघत होते, हे घर आलं, ते घर आलं. इथं राहतात ती सगळी आली. घरटी एक माणूस. हेच त्या सकाळी आले असते, बादली घेऊन नुसते उभे राहिले असते, तरी माझा माणूस घरी येऊन जेवला असता.

मरताना मी त्यांना खोटं सांगितलं होतं. ते आता बरंचसं खरं झालंय, उशिरा का होईना. फक्त एक घर राहिलंय. मी त्यांना सांगून बसलेय की मुसाचं घर आलं, अजीजा आलीय.

प्लास्टर निघालं की ये. आमीरकडून चावी मागवून घे. ते कुलूप तू उघड.

तुझी
सरू